साठ पट की सहा पट?



मी बडोद्याचा. पणजोबा सयाजीराव महाराजांच्या राज्यात कारकुनी करायला आले आणि इथलेच झाले. बोलण्यात गुजराती कधी शिरलं ते कळलंही नाही, पण घरात अजून मराठीच. १९७१ साली इथल्याच विद्यापीठातून बी. कॉम. झालो, पुढच्याच वर्षी बँकेत लागलो आणि २०१० साली ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. वाडे, गणपती, भजनी मंडळं यांच्या आठवणी इथं बरेच जण छान लिहितात. माझ्याजवळ आकड्यांच्या आठवणीच जास्त. म्हणून एक हिशेब सांगतो. या हिशेबापायी आमच्या नात्यातल्या दोन घरांचं येणंजाणं बंद व्हायची वेळ आली होती.

माझ्या मावशीला एक मुलगा, एक मुलगी. खरी नावं देत नाही, घरात हाक मारायची तीच ठेवतो : बाळू आणि बेबी. दोघंही माझ्याहून लहान, मला नाना म्हणतात. दोघांना विचारूनच लिहितोय. बेबी म्हणाली, "लिही बापडा, पण आकडे चुकवू नकोस."

मावशीचे यजमान, आमचे अण्णा, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाले. फंडाच्या पैशातले १,२०,००० रुपये त्यांनी मे १९८८ मध्ये दोन्ही मुलांत वाटले. साठ बाळूला, साठ बेबीला, एक रुपया इकडचा तिकडे नाही. मात्र बाळूच्या साठ हजारांचा वाघोडिया रोडच्या बाजूला एका सोसायटीत प्लॉट घेतला आणि बेबीच्या साठ हजारांची पोस्टातून किसान विकास पत्रं घेतली. बेबीचं तोवर लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, जावई मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात होते. अण्णांचं म्हणणं, लेकीला जमीन दिली तर तिला कागदपत्रांसाठी फिरावं लागेल, त्यापेक्षा पत्रं बरी, साडेपाच वर्षांत दुप्पट.

डिसेंबर २०२१ मध्ये बाळूने तो प्लॉट विकला. ३६ लाखांना.

बेबीचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. नाताळच्या सुट्टीत आला होता. जेवणाच्या पंगतीत त्याने हिशेब मांडला : मामाच्या साठ हजारांचे ३६ लाख, म्हणजे साठ पट. आईच्या साठ हजारांचे आज बँकेत ३ लाख ८४ हजार, म्हणजे सहा पट, वर थोडे. आजोबांनी सारखं दिलं म्हणतात, हे सारखं आहे का? बाळूने बेबीला पाच लाख द्यायचं मनात ठरवलं होतं, ते त्याने तिथंच सांगून टाकलं. भाचा म्हणाला, "पाच लाख कशाला, भीक आहे का?" बाळूची बायको ताटावरून उठली. पुढचे पंधरा दिवस फोन बंद. मग एके दिवशी सकाळी बाळू माझ्याकडे आला, आणि त्याच संध्याकाळी, त्याला न सांगता, बेबी. दोघांचं म्हणणं एकच : नाना, तू बँकेतला, तूच काय ते बघ.

आता मंडळी, "किती पट झाले" हा आपल्या लोकांचा फार आवडता प्रश्न. लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकावर, कुठंही बसा. अमक्याने अलकापुरीत घेतलेला बंगला शंभर पट, तमक्याचे शेअर दोनशे पट. किती वर्षांत, हे कुणी विचारत नाही. आणि मध्ये आणखी किती घातले, किती काढले, हे तर सांगणाराच विसरलेला असतो. नुसती पट म्हणजे अंतर सांगायचं आणि वेळ लपवायची. बडोदा ते मुंबई गेलो एवढं सांगून गाडीचा वेग कळत नाही. वाटेत सुरतेला उतरून दोन दिवस राहिलात काय, तेही सांगावं लागतं.

दामदुप्पट हा शब्द बघा. आज तो आपण लालूच दाखवायला वापरतो. मूळ नियम उलटा होता, कर्जदाराच्या बचावाचा. जुन्या हिंदू कायद्याप्रमाणे सावकाराला एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागता येत नसे. शंभर दिले तर थकलेलं व्याज कितीही होवो, शंभराच्या वर मागायचं नाही. मुंबई इलाख्यातली कोर्टं हा नियम मानत असत. सावकाराला घातलेली मर्यादा आज आमिष होऊन बसली आहे, याची मला गंमत वाटते.

दामदुप्पट किती वर्षांत, हे कळलं की वेग काढणं सोपं. बहात्तरला वर्षांनी भागायचं, व्याजाचा अंदाजे दर मिळतो. सहा वर्षांत दुप्पट तर बारा टक्के, नऊ वर्षांत तर आठ टक्के. इंदिरा विकास पत्रं १९८६ मध्ये आली, पाच वर्षांत दुप्पट. त्यांवर नावसुद्धा नसायचं, हरवली की गेली. किसान विकास पत्रं १९८८ ची, साडेपाच वर्षांत दुप्पट. आमचा पोस्टाचा एजंट गुजरातीत घोळवून सांगायचा, "साडा पांच वरसमां डबल!" बरोबर हिशेब केला तर पहिल्याचा दर होतो १४.९ टक्के, दुसऱ्याचा १३.४. पुढे सरकारने ही मुदत वाढवत नेली : १९९९ मध्ये सहा वर्षं, २००३ पासून आठ वर्षं सात महिने. मग २०११ मध्ये पत्रंच बंद केली, २०१४ मध्ये परत काढली, शंभर महिन्यांत दुप्पट. शब्द तोच राहिला, दुप्पट, पण वेग १३.४ वरून ८.७ वर आला. "दुप्पट" एवढंच ऐकणाऱ्याला हे कळायचंच नाही.

म्हणून मी आधी बाळूचा प्लॉट वेगाच्या भाषेत बसवला. सोसायटीतला एक शेजारी त्याला सांगत होता, साठ पट म्हणजे नफा ५,९०० टक्के, भागिले साडेतेहतीस वर्षं, वर्षाला १७५ टक्क्यांच्या वर! हा हिशेब सरळ व्याजाचा, आणि इतक्या लांब मुदतीला तो लावला की काहीही निघतं. चक्रवाढीने पाहिलं तर साठ हजारांचे छत्तीस लाख व्हायला ३३ वर्षं ७ महिने लागले, याचा दर येतो १३ टक्के.

भाच्याला हे फोनवर सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना. साठ पट आणि फक्त तेरा टक्के? मी म्हटलं, आजोबांच्या पत्रांचा पहिला दर घे. साडेपाच वर्षांत दुप्पट. तेहतीस वर्षांत साडेपाच किती वेळा जातात? सहा वेळा. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. अण्णांनी १९८८ मध्ये पोस्टातून आणलेला तो कागद त्याच वेगाने शेवटपर्यंत चालला असता तर चौसष्ट पट झाला असता. प्लॉटपेक्षा जास्त. ज्या दिवशी वाटणी झाली त्या दिवशी अण्णांनी लेकीला कमी वेगाची गाडी दिली नव्हती. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण तो वेग टिकला नाही ना, नानामामा." बरोबर. नाही टिकला. आणि बेबीने मध्ये पैसेही काढले. खरा हिशेब तिथूनच सुरू होतो.

बेबीकडे एक जुनी वही आहे, वरती कुंकवाचं बोट लावलेली. तिच्यात सगळं लिहिलेलं निघालं. नोव्हेंबर १९९३ मध्ये साठाचे एक लाख वीस हजार झाले, त्यातले २०,००० घराच्या डिपॉझिटसाठी काढले, लाखाची पत्रं परत घेतली. मे १९९९ मध्ये त्याचे दोन लाख झाले, ८०,००० काढले, १,२०,००० परत ठेवले, आता सहा वर्षांच्या मुदतीने. मे २००५ मध्ये दोन लाख चाळीस. जावयांचं ऑपरेशन, मुलीचं लग्न, दोन्ही एकाच वर्षात. १,४०,००० काढले, लाख ठेवले. डिसेंबर २०१३ मध्ये त्याचे दोन लाख झाले तेव्हा पत्रं बंद होती, म्हणून बँकेत पाच वर्षांची एफडी नऊ टक्क्यांनी, मग तीन वर्षं सात टक्क्यांनी. डिसेंबर २०२१ ला ३,८४,०००. तिचं दुसरं उत्पन्न नसल्यामुळे व्याजावर कर बसला नाही.

हे पाहिल्यावर "साठ हजारांचे ३ लाख ८४" हे वाक्यच खोटं ठरतं. साठ हजारांनी तीन वेळा मिळून २ लाख ४० हजार दिले, आणि वर ३ लाख ८४ शिल्लक. पण याची नुसती बेरीज करून ६ लाख २४ हजार म्हणणंही चूक. १९९३ चे वीस हजार आणि २०२१ चे वीस हजार एका पंक्तीत बसत नाहीत.

मग करायचं काय? आम्हाला बँकेत पहिल्या वर्षी जे शिकवलं तेच. त्या काळी जून-डिसेंबरला सेव्हिंग खात्यांचं व्याज हातानं काढावं लागे. लेजर उघडायचं, प्रत्येक महिन्यात दहा तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल ती घ्यायची, तिचे प्रॉडक्ट काढायचे, त्यांची बेरीज, मग त्यावर दर. अकरा तारखेला पैसे भरणाऱ्याला त्या महिन्याचं व्याज नाही. जाणते खातेदार दहाच्या आत रांग लावायचे. रोजच्या शिलकीवर व्याज द्यायची पद्धत १ एप्रिल २०१० पासून आली, म्हणजे माझ्या निवृत्तीच्या वर्षी. फॅसिटचं यंत्र फिरवून फिरवून मनगट दुखायचं. पण त्यातून एक गोष्ट हाडात मुरली : व्याज रकमेला नसतं, रक्कम किती काळ पडून होती त्याला असतं.

तेव्हा एक कल्पनेतलं पासबुक लिहायचं. असं समजायचं की बेबीने साठ हजार एका अशा बँकेत ठेवले जी कायम एकाच दराने व्याज देते, आणि खऱ्या तारखांना खऱ्या रकमा काढल्या. प्रश्न एवढाच, कोणत्या दराने ते खातं डिसेंबर २०२१ ला बरोबर ३,८४,००० दाखवेल? तो दर म्हणजे तिच्या पैशाचा खरा परतावा. तो सरळ काढायचं सूत्र नाही, अंदाज धरून पुढंमागं करावं लागतं.

आधी १२ टक्के धरले. साठ हजारांचे साडेपाच वर्षांत १,११,९००. वीस काढले, राहिले ९१,९००. पुढच्या साडेपाच वर्षांत १,७१,४००. ऐंशी काढले, ९१,४००. सहा वर्षांत १,८०,४००. एक चाळीस काढले, ४०,४००. तिथून डिसेंबर २०२१ पर्यंत साधारण २ लाख ६५ हजार. खऱ्या खात्यात तर ३ लाख ८४ आहेत, म्हणजे खरा दर बाराच्या वर. मग साडेबारा धरले, तर शेवटी आले ४ लाख ५६ हजार. हे जास्त झाले. दोहोंच्या मध्ये चाचपत गेलो, १२.३ ला जमलं. भाच्याने तेच आकडे लॅपटॉपवर एक्सेलमध्ये एक्सआयआरआर नावाचं फंक्शन आहे त्यात टाकले, एका क्षणात १२.३ आलं. मला अर्धी सकाळ लागली होती. पण त्याला विचारलं, हा आकडा कशाचा? तर त्याला पासबुकाची गोष्ट परत सांगावी लागली.

एक खूण सांगतो. साडेबारा आणि बारा यांत फरक अर्ध्या टक्क्याचा, पण शेवटच्या रकमेत फरक जवळजवळ दोन लाखांचा. लांब मुदतीत अर्धा टक्का किती खातो ते यावरून बघा. बँकेच्या काउंटरवर पाव टक्क्यासाठी भांडणाऱ्या म्हाताऱ्यांना आमचे पोरसवदा क्लार्क हसायचे. म्हातारे बरोबर होते.

आता बाळूचं पासबुक. तेरा टक्के हा त्याचा दर नव्हेच, कारण त्यानेही मध्ये पैसे घातले, फक्त ते बोलण्यात येत नाहीत. १९९५ मध्ये कंपाउंड वॉल आणि भरणी, ४०,०००. २००६ मध्ये सोसायटीने रस्ता, गटार, पाण्याची लाइन केली, त्याचा वाटा १,५०,०००. विकताना दलाली ३६,०००. आणि कर. २००१ ची प्लॉटची किंमत व्हॅल्युअरने पाच लाख धरली; सरकारचा महागाईचा निर्देशांक तेव्हा १००, विक्रीच्या वर्षी ३१७, म्हणून पाचाचे १५ लाख ८५ हजार खर्चात धरता आले, रस्त्याचा खर्चही तसाच वाढवून. उरलेल्या नफ्यावर वीस टक्के आणि सेस मिळून ३ लाख ३० हजार. हातात आले ३२ लाख ३३ हजार. (शंभराचे तीनशे सतरा वीस वर्षांत, म्हणजे नुसती महागाईच वर्षाला सहाच्या जवळ. हे वजा करून बघायचं धाडस आपण सहसा करत नाही.)

या सगळ्या रकमा आपापल्या तारखांना घातल्या. दर आला १०.८ टक्के. दरवर्षीची घरपट्टी आणि सोसायटीचा मेंटेनन्स मी धरलाच नाही, पावत्या मिळाल्या नाहीत. धरले तर आणखी थोडा उतरेल.

साठ पटीचे १०.८, आणि सहा पटीचे १२.३.

दोघांना एकत्र बोलावून कागद पुढे ठेवला, भाचा व्हिडिओ कॉलवर. बाळूला क्षणभर आनंद झाला, तो मी लगेच मोडला. कारण दर जास्त म्हणजे पैसा जास्त, असं नाही. बेबीचा दर चढला तो तिचा बराचसा पैसा चांगल्या दराच्या वर्षांत आत होता म्हणून. दर पडले त्या वर्षांत आत फारसं उरलंच नव्हतं. थोड्या पैशावरचा मोठा दर पोट भरत नाही. बाळूच्या खात्यात आज बत्तीस लाख आहेत आणि बेबीच्या चार लाखांच्या आत, हे कुठल्याही टक्केवारीने पुसलं जात नाही.

भाच्याने पुढचा प्रश्न बरोबर विचारला. "आईने मध्ये काहीच काढलं नसतं तर?" तोही कागद मी करून ठेवला होता. २००५ ला ४ लाख ८०, २०१३ ला ९ लाख ६०, आणि एफडी धरून २०२१ ला सुमारे १८ लाख ४५ हजार. दर १०.७. म्हणजे बाळूइतकाच, ०.१ चा फरक. तो म्हणाला, मग मामाचे बत्तीस कसे? मी म्हटलं, त्यात मामाने स्वतःच्या पगारातून घातलेले १,९०,००० आणि त्यांची वाढ आहे. ती बाजूला काढली तर आजोबांच्या साठ हजारांच्या वाट्याला एकोणीसएक लाख येतात. अठरा आणि एकोणीस. १९८८ मध्ये पुढचं काहीही माहीत नसताना एका वर्कशॉपच्या माणसाने केलेल्या वाटणीला हे काही वाईट नाही.

"म्हणजे आईने काढले तिथंच चुकलं," भाचा म्हणाला.

यावर बेबी, जी तोवर एक शब्द बोलली नव्हती, वही उघडून त्याला स्क्रीनसमोर धरून दाखवायला लागली. मे १९९९, ऐंशी हजार. समोर तिच्या अक्षरात लिहिलं होतं : इंजिनीअरिंग, फी व हॉस्टेल. त्याचंच नाव. तो काही बोलला नाही. त्या ऐंशी हजारांचा परतावा किती, हे मी काढलं नाही. काढता येतही नाही. त्याचा पहिला पगार कुणाच्या पासबुकात लिहायचा?

मला वाटलं विषय संपला. पण बेबी मग माझ्याकडे वळली. "नाना, तुझा हिशेब बरोबरच असेल. पण मला कुणी विचारलं होतं का, प्लॉट हवा का पत्रं? मी तेव्हा तीस वर्षांची होते. मला प्लॉट आवडला असता. विकता आला नसता म्हणून तरी राहिला असता." आणि खरंच आहे ते. पत्र मोडायला सोपं, साडेपाच वर्षांनी हातात पैसे येतात आणि घरात कुणाला ना कुणाला गरज असतेच. प्लॉट अर्धा विकून फी भरता येत नाही. जमिनीचा परतावा लोक मोठा सांगतात त्यातला निम्मा भाग, माझ्या मते, जमिनीला हात लावता येत नाही याचाच असतो. दर काढताना ही गोष्ट कुठल्याच रकान्यात येत नाही.

बाळू म्हणाला, "मलाही कुठं विचारलं होतं. मला रोख हवे होते. टीव्ही रिपेअरिंगचं दुकान टाकायचं होतं मला, रावपुऱ्यात जागा बघून ठेवली होती. अण्णा म्हणाले, दुकान बुडेल, जमीन बुडत नाही." हे बेबीला तेहतीस वर्षांत माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

चहा झाला. बाळूने पाच लाखांचा विषय परत काढला. मी त्याला आधीच एकट्याला सांगितलं होतं की हिशेबाने तू काही देणं लागत नाहीस. तरी त्याने द्यायचं म्हटलं, आणि बेबीने "बघू" म्हटलं. पुढच्या भाऊबीजेला ओवाळताना त्याने ताटात चेक ठेवला, तिने घेतला. भावाकडून आलेल्या भेटीवर कर नाही, हे मी न विचारता सांगितलं, सवयच आहे.

त्या दिवशी उठण्याआधी बेबीचं खरं काम निघालं. तिच्या ३ लाख ८४ हजारांची एफडी सुटलेली होती. मी पोस्टातली ज्येष्ठ नागरिकांची बचत योजना सुचवली, त्या तिमाहीत दर ७.४ टक्के होता आणि पाच वर्षं तोच राहणार. ३,८०,००० ठेवले तर दर तीन महिन्यांना ७,०३० रुपये खात्यात.

"बहात्तरला सातने भागलं तर दहा वर्षांत दुप्पट ना?" तिने लगेच विचारलं. सकाळपासून ऐकत होती ती सगळं.

म्हटलं, "नाही. इथं व्याज तू दर तिमाहीला काढून घेणार. दुप्पट व्हायला व्याज आत राहावं लागतं. तुझं मुद्दल पाच वर्षांनी तेवढंच, तीन लाख ऐंशी."

तिने वहीत ७,०३० लिहिलं, तिनाने भागून खाली २,३४३ लिहिलं. "गॅस आणि लाइटबिल निघेल," म्हणाली. दुसऱ्या दिवशी आधार आणि पॅनच्या झेरॉक्स घेऊन आम्ही दोघं पोस्टात गेलो. फॉर्मवर वारस म्हणून कोणाचं नाव घालू विचारलं, तर मुलगा आणि मुलगी दोघांची घाल म्हणाली, निम्मं निम्मं. मग थोडं थांबून म्हणाली, "आज रात्री दोघांना फोन करून सांगते आधी."